ऑर्किडसाठी रेफरन्स सॉफ्टवेअर घ्यायचंय? मग आधी एवढं बघा

गच्चीवर वीस-पंचवीस ऑर्किड झाले की माणूस एक प्रश्न हमखास विचारतो, "ते ऑर्किडविझ का काय ते घेऊन टाकू का?" (म्हणजे ऑर्किडची नावं, वंशावळ, अवॉर्ड, फोटो एका जागी दाखवणारं विकतचं सॉफ्टवेअर.) माझं उत्तर ठरलेलं असतंय, घ्या, पण आज नको. आधी फुकटात काय काय मिळतंय ते नीट वापरायला शिका, आपल्याला नक्की कुठले प्रश्न पडतात ते बघा, आणि त्यातला एखादा प्रश्न फुकटातल्या साइटवर सुटेनासा झाला की मग कार्ड बाहेर काढा. उलटं केलं तर काय होतं, महागातलं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर पडून राहतं आणि कुंडीतल्या लेबलवर अजून "पर्पल ऑर्किड" एवढंच लिहिलेलं असतं.

हे लिहितोय ते दोन प्रकारच्या लोकांसाठी. एक म्हणजे कोल्हापुरात राजारामपुरी, नागाळा पार्क, रुईकर कॉलनी असल्या भागात गच्चीवर नाहीतर बाल्कनीत शेडनेट टाकून ऑर्किड वाढवणारे, आणि दुसरे म्हणजे ज्यांना पुढं जाऊन पुष्पप्रदर्शनात ऑर्किड जज करायचेत किंवा जजच्या शेजारी बसून शिकायचंय. दोघांची गरज वेगळी आहे आणि सगळा घोळ तिथंच होतो, कारण जजला लागणारं सॉफ्टवेअर ग्रोअर घेतो आणि मग म्हणतो यात पाणी कधी घालायचं ते कुठं लिहिलंय.

पायरी १ : आपला प्रश्न काय आहे ते लिहून काढा

खरंच कागदावर लिहा. बहुतेकांचे प्रश्न चारच असतात. हे झाड नक्की काय आहे आणि त्याचे आई-बाप कोण. हे आपल्या हवेत टिकेल का. याच्या फुलाला आधी कुठं अवॉर्ड मिळालंय का आणि तेव्हा फूल केवढं होतं. आणि माझ्याकडचं झाड मी कधी आणलं, कधी कुंडी बदलली, कधी फुललं. या चार प्रश्नांची उत्तरं चार वेगळ्या ठिकाणी मिळतात, एकाच पॅकेजमध्ये चारही मिळतील असं कोणी सांगत असेल तर ते अर्धवट खरं आहे. आणि गंमत म्हणजे यातला पहिला प्रश्न पूर्ण आणि दुसरा बराचसा एक पैसा न देता सुटतो.

पायरी २ : लेबल वाचायला शिका, याच्याशिवाय पुढचं सगळं वाया

ही पायरी लोक सोडून देतात म्हणून जरा सविस्तर सांगतो. ऑर्किडच्या हायब्रिडच्या, म्हणजे संकरित झाडाच्या, नावात साधारण तीन तुकडे असतात. पहिला जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट, जसं डेंड्रोबियम, वांडा, कॅटलिया वगैरे. दुसरा ग्रेक्स, म्हणजे ठराविक दोन पालकांच्या क्रॉसमधून आलेली सगळी रोपं, ही सगळी सख्खी भावंडं, दिसायला वेगवेगळी असली तरी आडनाव एकच. यात आई कोण आणि बाप कोण याची अदलाबदल झाली तरी ग्रेक्सचं नाव तेच राहतं. तिसरा तुकडा म्हणजे क्लोनचं नाव, ते एकेरी अवतरण चिन्हात असतं आणि ते त्या एकाच झाडाला आणि त्याच्यापासून काढलेल्या तुकड्यांना किंवा टिश्यू कल्चरच्या रोपांना लागू असतं.

आता आपल्याकडं सगळ्यात जास्त दिसणारं उदाहरण घ्या, डेंड्रोबियम सोनिया. नर्सरीत जांभळ्या-पांढऱ्या फुलाचं कुठलंही डेंड्रोबियम असलं की त्याला सोनियाच म्हणतात, लग्नाच्या स्टेजवर आणि बुकेतसुद्धा तेच असतंय. कुणाच्या लेबलवर "सोनिया १७" असतं, कुणाच्या "सोनिया एर साकुल", कुणाच्या नुसतं "सोनिया". यात "सोनिया" हा ग्रेक्स, तो सीझर आणि टॉमी ड्रेक या दोघांचा क्रॉस. पुढचा १७ किंवा एर साकुल हा ग्रेक्सचा भाग नाही, ते क्लोन वेगळे ओळखायला लावलेलं शेपूट. तुम्ही अख्खं "सोनिया १७" हायब्रिडच्या अधिकृत ऑनलाइन रजिस्टरच्या (ते पायरी ३ मध्ये येतंय) सर्चमध्ये टाकलं तर काही सापडत नाही आणि लोक म्हणतात साइट बोगस आहे. साइट बरोबर आहे, शेपूट काढून शोधा.

लेबलच्या शेवटी कधीकधी एएम तिरकी रेघ एओएस असं काहीतरी असतं, ते अवॉर्ड. एओएस म्हणजे अमेरिकन ऑर्किड सोसायटी, १९२१ सालची संस्था. त्यांच्याकडं फुलाला १०० पैकी गुण देतात, ७५ ते ७९ ला एचसीसी, ८० ते ८९ ला एएम, आणि ९० किंवा वर गेलं तर एफसीसी. फुलाच्या गुणाला नाही तर झाड किती छान वाढवलंय त्याला मिळणारं अवॉर्ड वेगळं, त्याला सीसीएम आणि सीसीई म्हणतात. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचं, म्हणजे आरएचएसचं, अवॉर्ड असेल तर रेघेपुढं आरएचएस असतं. हे अवॉर्ड त्या क्लोनला मिळालेलं असतं, सगळ्या ग्रेक्सला नाही. विकणारा "अवॉर्ड विनिंग प्लांट आहे साहेब" म्हणून दुप्पट भाव सांगतो आणि लेबलवर क्लोनचं नावच नसतं, तेव्हा हसून पुढं जायचं.

पायरी ३ : फुकटातलं आधी

सुरुवात आरएचएसच्या ऑनलाइन ऑर्किड रजिस्टरपासून करा. जगातल्या ऑर्किड हायब्रिडची अधिकृत नोंद तिथंच होते. याचा इतिहास भारी आहे. माणसानं केलेला पहिला ऑर्किड हायब्रिड, कॅलँथी डॉमिनिआय, १८५६ साली इंग्लंडमध्ये व्हीच यांच्या नर्सरीत फुलला. पुढं क्रॉस एवढे वाढले की सँडर नावाच्या नर्सरीवाल्यांनी १९०६ मध्ये सगळ्यांची यादी छापली, ती यादी अनेक वर्षं त्यांनीच चालवली आणि १९६१ पासून ती जबाबदारी आरएचएसकडं आली. आजही दर तीन महिन्यांनी नवीन नोंदींची यादी निघते. थोडक्यात, तुम्ही पैसे देऊन जे कुठलं सॉफ्टवेअर घेणार आहात त्यातला हायब्रिडचा मूळ डेटा या रजिस्टरमधूनच आलेला असतो.

वापरायचं कसं? दोन प्रकारे शोधता येतं. नाव माहीत असेल तर जीनस आणि ग्रेक्स टाका, रोमन लिपीत अर्थातच. नाव माहीत नसेल पण आई-बाप माहीत असतील तर पालकांवरून शोधा, आणि हा दुसरा प्रकार फार कामाचा आहे, कारण थायलंडहून येणाऱ्या रोपांवर बऱ्याचदा नाव नसतं, नुसतं "हे गुणिले ते" असं लिहिलेलं असतं. प्रॅक्टिस म्हणून वांडाच्या पालकांत सेरुलिया आणि सँडेरियाना टाकून बघा, उत्तर रॉथशिल्डियाना येतं, १९३१ ची नोंद. निळ्या वांडाची निम्मी कहाणी या एका नावात आहे. समोर नाव, नोंदणी कुणी केली, कधी केली, बीज धरणारा पालक कोण आणि पराग देणारा कोण, एवढं येतं. फोटो नाही, पाणी-खताचा सल्ला नाही. कोरडं आहे पण खात्रीचं आहे.

दुसरी साइट लंडनच्या क्यू गार्डन्स या वनस्पती-उद्यानाची, प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन. ही हायब्रिडसाठी नाही, जंगली जातींसाठी. आपल्याला हिची जास्त गरज आहे कारण आपण सह्याद्रीच्या पायथ्याला बसलोय. भारताच्या बोटॅनिकल सर्व्हेनं २०१९ मध्ये देशातल्या ऑर्किडची गणती मांडली त्यात १,२५६ जाती निघाल्या आणि त्यातल्या ३८८ फक्त भारतातच सापडणाऱ्या, त्यातलाही साधारण एक तृतीयांश वाटा पश्चिम घाटाचा. आंबा घाट, राधानगरी, दाजीपूरकडं जाणाऱ्या माणसाला झाडावर जे दिसतं त्याचं नाव आरएचएसच्या हायब्रिड रजिस्टरमध्ये शोधण्यात काही अर्थ नाही. क्यूच्या साइटवर जुनं नाव टाकलं तरी ते आजच्या नावाकडं घेऊन जातं. वांडा रॉक्सबर्गाय टाका, वांडा टेसेलाटा येतं, म्हणजे आपली रास्ना. वांडा पार्विफ्लोरा टाका, वांडा टेस्टेशिया येतं. मराठी नावावरून मात्र कुठंच काही सापडणार नाही, सीतेची वेणी शोधायची असेल तर ऱ्हिंकोस्टायलिस रेट्यूसा असंच टाकावं लागतं.

फोटोंसाठी दोन ठिकाणं. जंगली जातींसाठी इंटरनेट ऑर्किड स्पीशीज फोटो एन्सायक्लोपीडिया, दिसायला जुनाट आहे, पण प्रत्येक जातीखाली ती किती उंचीवर वाढते आणि तिला गरम, मध्यम की थंड हवा लागते ते दिलेलं असतं. हायब्रिडचे फोटो आणि वंशावळ दोन्ही पाहिजे असेल तर ऑर्किडरूट्स, तेही फुकट. मोबाईलवर चालतं, एका नावावर टिचकी मारली की पूर्वज आणि पुढची पोरंबाळं दोन्ही दिसतात. नवीन माणसानं एक संध्याकाळ यावर नुसतं फिरावं, लय शिकायला मिळतंय.

आता हवेचं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या आसपास खेळतो, जुलै-ऑगस्टमध्ये दिवसेंदिवस ऊन दिसत नाही आणि डिसेंबर-जानेवारीत रात्री बऱ्यापैकी गार असतात. कुठलंही सॉफ्टवेअर तुम्हाला "कोल्हापुरात चालेल" असं सांगणार नाही, त्यात मूळ ठिकाणची उंची आणि तापमान असतं, ते बघून हिशोब आपण करायचा. मासडेव्हालिया सुंदर दिसतंय म्हणून मागवायच्या आधी बघा की त्यातल्या बऱ्याच जाती अँडीजमध्ये दोन-तीन हजार मीटर उंचीवरच्या धुक्यात वाढतात, मे महिन्यात आपल्या पत्र्याच्या शेडखाली ती आठवडाभरही काढणार नाहीत. नोबिली प्रकारचं डेंड्रोबियम जगेल, पण त्याला हिवाळ्यात गारवा आणि पाण्याची सुट्टी पाहिजे, ती दिली नाही तर फुलांच्या जागी नुसती पिल्लं, म्हणजे छोटी रोपं, काढत बसतं. असलं सगळं फुकटातल्या माहितीवर कळतं.

पायरी ४ : नावं बदलतात, आणि खरी परीक्षा तिथंच आहे

जुन्या ग्रोअरला सगळ्यात वैताग कशाचा येत असेल तर याचा. डीएनएचा अभ्यास सुरू झाल्यावर शास्त्रज्ञांनी जीनस इकडचे तिकडं केले. लेलिया परप्युराटा हे ब्राझीलचं प्रसिद्ध फूल, ते २००० मध्ये सोफ्रोनायटिसमध्ये गेलं आणि २००८ मध्ये कॅटलियात आलं, आठ वर्षांत तीन घरं. ब्रासोलेलिओकॅटलिया म्हणून आपण जे बीएलसी लिहायचो त्यातलं बरंचसं आता ऱ्हिंकोलेलिओकॅटलिया, म्हणजे आरएलसी. अॅस्कोसेन्ट्रम वांडात मिसळलं त्यामुळं अॅस्कोसेंडा सगळे वांडा झाले, आणि फुलवाल्याकडं बुकेत जे मोकारा मिळतं त्याचं रजिस्टरमधलं जीनस आता अरांडा. सिंगापूरचं राष्ट्रीय फूल वांडा मिस जोकिम आता पॅपिलिओनँथी मिस जोकिम. डोरिटिनॉप्सिस तर फॅलेनोप्सिसमध्ये कधीच विरघळलं.

नर्सरीवाले अजून जुनीच नावं लिहितात, आणि त्यांचं चुकतंय असंही नाही, गिऱ्हाईक जुन्याच नावानं मागतंय. म्हणून रेफरन्स सॉफ्टवेअर कसं पाहिजे, तर जुनं नाव टाकलं की न कुरकुरता नव्यावर नेणारं आणि दोन्ही नावं शेजारी दाखवणारं. एखादं जुनं अॅप किंवा कुणीतरी पेन ड्राइव्हवर दिलेला डेटाबेस उघडून मोकारा टाका, पुढं अरांडाचा उल्लेखच नसेल तर तो डेटा निदान दहा वर्षं शिळा आहे असं समजायला हरकत नाही. जजसाठी तर हे फारच महत्त्वाचं, कारण एकाच क्लोनची अवॉर्ड जुन्या जीनसखालीही असतात आणि नव्याखालीही, एकच बघितलं तर निम्मा इतिहास हातातून जातो.

पायरी ५ : पैसे कधी भरायचे

साधा नियम सांगतो. तुम्ही स्वतः क्रॉस करायला लागला असाल, नाहीतर जजिंगकडं वळत असाल, तरच. नुसतं छान वाढवायचं आणि फुलवायचं असेल तर वरचं फुकटातलं आयुष्यभर पुरतं, उरलेल्या पैशात चांगलं शेडनेट आणि फॉगर घ्या.

पैसे देऊन घ्यायचं म्हटलं की पहिलं नाव ऑर्किडविझचं येतं. हा अमेरिकन ऑर्किड सोसायटीकडं असलेला मोठा डेटाबेस आहे. हायब्रिडची वंशावळ, कुठल्या मूळ जातीचं रक्त किती टक्के आलंय, पुढची संतती, अवॉर्डची वर्णनं आणि मापं, ढिगानं फोटो, बऱ्याच जातींची मूळ ठिकाणच्या हवामानासकट सविस्तर कल्चर, म्हणजे वाढवायची, माहिती, आणि स्वतःच्या कलेक्शनची नोंद ठेवायची सोय, एवढं सगळं एका जागी. क्रॉस करणाऱ्या माणसाला टक्केवारी सोन्यासारखी आहे. उदाहरणार्थ पांढऱ्या कॅटलियातलं प्रसिद्ध बॉब बेट्स, त्याचे आई-बाप बो बेल्स आणि मॉसी, पण बो बेल्सच्या मागं गेलं की काय दिसतंय ते झाडासारखं उलगडून बघितल्यावर कळतं की तीच ती दोन-चार मूळ जातींची मंडळी परत परत फिरून येतायत.

दुसरा मार्ग म्हणजे अमेरिकन ऑर्किड सोसायटीचं सभासदत्व घेऊन त्यांचं ऑर्किडप्रो वापरणं. ते ब्राउझरमध्ये चालतं आणि त्या सोसायटीनं दिलेल्या अवॉर्डचा तो थेट खजिना आहे, त्यांचे जज स्वतः नोंदी त्यातच करतात. डिजिटल सभासदत्व घेतलं की मासिकही वाचायला मिळतं. माझं मत विचाराल तर जज व्हायची इच्छा असलेल्यानं आधी हे घ्यावं, वर्षभर वापरावं, आणि वंशावळीची भूक लागली की मग ऑर्किडविझकडं जावं. जुनी मंडळी वाइल्डकॅटचं नाव घेतील, तो एका काळचा गाजलेला डेटाबेस, आता त्याच्या मागं लागू नका.

आणि हो, लक्ष्मीपुरीत नाहीतर ओळखीत कुणीतरी क्रॅक कॉपी देतो म्हणेल. रेफरन्स सॉफ्टवेअरमध्ये सगळा जीव अपडेटमध्ये असतो, क्रॅकला अपडेट नाही, म्हणजे तुम्ही व्हायरससकट जुना अंक घेताय. विषय संपला.

पायरी ६ : जजच्या टेबलावर याचा उपयोग कसा होतो

ज्यांना जजिंगमध्ये रस नाही त्यांनी ही पायरी सोडली तरी चालेल, पण वाचली तर सॉफ्टवेअरमध्ये काय बघायचं ते जास्त कळेल.

समजा टेबलावर एक निळा वांडा आलाय, लेबल रॉथशिल्डियाना. जज आधी डोळ्यांनी बघतो, मग पट्टी काढतो. फुलाचा नैसर्गिक पसारा आडवा किती आणि उभा किती, म्हणजे पाकळ्या ओढूनताणून सपाट न करता, मग वरचं सेपल (पाकळीसारखंच दिसणारं बाहेरचं दल) रुंद किती लांब किती, पाकळ्या, खालची दोन सेपलं, ओठ (वेगळ्या आकाराची ती एक पाकळी), सगळं सेंटिमीटरमध्ये, दशांशासकट. मग दांड्या किती, उमललेली फुलं किती, कळ्या किती. आता समजा आडवा पसारा ९.२ आला. हे मोठं की छोटं? नुसत्या आकड्यावरून कुणालाच सांगता येत नाही. त्यासाठी याच ग्रेक्सच्या आधीच्या अवॉर्डची मापं शेजारी पाहिजेत, आणि दोन्ही पालकांचीही पाहिजेत, कारण प्रश्न असा असतो की या फुलानं आधीच्या चांगल्या फुलांपेक्षा, आणि आपल्या आई-बापांपेक्षा, काही पुढचं पाऊल टाकलंय का. जुन्या अवॉर्डमध्ये दांडीवर फुलं जास्त आणि आपल्या समोरच्यावर कमी पण रंग गडद आणि पाकळ्यांवरची चौकटीची जाळी स्वच्छ, मग गुण कुठं वाढवायचे कुठं कापायचे ही चर्चा सुरू होते. सॉफ्टवेअरचं काम फक्त ते आकडे आणि फोटो पाच मिनिटांत समोर ठेवणं. गुण माणूसच देतो.

म्हणून जजनं सॉफ्टवेअर निवडताना तीन गोष्टी तपासायच्या. ग्रेक्सची सगळी अवॉर्ड एका पानावर तारखेनं लावता येतात का. मापं तक्त्यात शेजारी-शेजारी दिसतात का, का प्रत्येक अवॉर्ड उघडून वर्णनातून शोधावी लागतात. आणि फोटो मोठा करता येतो का, कारण अंगठ्याएवढ्या फोटोवर ओठाचा आकार ठरवणं म्हणजे निव्वळ अंदाज. फोटोच्या रंगावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका, फ्लॅशखाली निळा जांभळा होतो आणि जांभळा गुलाबी, निळ्या वांडाच्या बाबतीत तर हे नेहमीचंच आहे. अजून एक, अवॉर्डचे फोटो दुसऱ्याच्या मालकीचे असतात, स्क्रीनशॉट काढून सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरवायचे नाहीत.

आपल्याकडच्या पुष्पप्रदर्शनात ऑर्किड हा गुलाबाच्या आणि इतर शोभेच्या झाडांच्या सोबतचा एक वर्ग असतो, तिथं एवढं खोलात कुणी जात नाही, आणि वेळही नसतो. तरी लेबल बरोबर आहे का एवढं मोबाईलवर बघून घेतलं तरी प्रदर्शनाची पत वाढते. चुकीच्या लेबलला पहिलं बक्षीस मिळालं की पुढची पाच वर्षं ते चुकीचं नाव गावभर फिरतंय.

पायरी ७ : घेण्याआधी आपल्याच पाच झाडांची परीक्षा लावा

डेमो व्हिडिओ बघून निर्णय घेऊ नका, डेमोमध्ये सगळं गोडच असतं. स्वतःच्या कुंड्यांतली पाच झाडं निवडा. एक अशी की लेबलची शंभर टक्के खात्री आहे. एक जिचं जीनस बदललंय, अॅस्कोसेंडा किंवा बीएलसी चालेल. एक आपल्या घाटातली जात, नर्सरीत वाढवलेली. एक अशी की लेबलवर स्पेलिंगचा बट्ट्याबोळ झालाय, असली तर प्रत्येकाकडं असतेच. आणि एक अगदी अलीकडं नोंदलेला क्रॉस.

ही पाचही नावं प्रत्येक साइटवर आणि सॉफ्टवेअरवर टाका, वहीत लिहा की कुठं सापडलं, किती टिचक्यांत सापडलं, आई-बाप आरएचएसशी जुळतात का, जुन्या नावावरून नव्यावर गेलं का, फोटो किती आणि कसे. नवीन क्रॉस सापडला नाही तर डेटा किती जुना आहे ते लगेच कळतं. आई-बाप आरएचएसशी जुळले नाहीत तर आरएचएस खरं मानायचं, बाकी कुणीही काहीही म्हणो. स्पेलिंग चुकलेलं नाव जे सॉफ्टवेअर ओळखून "तुम्हाला हे म्हणायचंय का" असं विचारतं ते आपल्या कामाचं, कारण आपली लेबलं तशीच असतात, थायलंडमध्ये इंग्रजीत लिहिलेली, पुण्यात कॉपी केलेली आणि कोल्हापुरात मार्करनं परत उतरवलेली.

पायरी ८ : लॅपटॉप, नेट, पैसे

झटपट सांगतो. कॉम्प्युटरवर इन्स्टॉल होणारं घेत असाल तर आपल्या विंडोज किंवा मॅकच्या व्हर्जनवर चालतंय का ते खरेदीच्या पानावर वाचा, फोटोंमुळं जागाही भरपूर खातं. एक लायसन्स किती मशीनवर चालतं आणि लॅपटॉप बदलला तर काय, हे आधी ईमेल करून विचारा. अपडेटचे पैसे वेगळे आहेत का, आणि अपडेट बंद केलं तर जुना डेटा तरी उघडतो का, हेही. ब्राउझरवरचं घेतलं तर नेट लागणार, घरात अडचण नाही, पण प्रदर्शनाच्या मांडवात गर्दी झाली की नेट बसतं आणि आंबा घाटाच्या पुढं गेलं की रेंजचा भरवसा नाही, अशा वेळी ऑफलाइन चालणारं बरं पडतं.

पैसे डॉलरमध्ये जातात, तेव्हा कार्डवर इंटरनॅशनल व्यवहार बँकेच्या अॅपमधून चालू करून घ्या, काम झालं की परत बंद करा. बँकेचा चार्ज वर लागतो तो धरून हिशोब करा. दोघा-तिघांनी मिळून एक लायसन्स घ्यायचा विचार करत असाल तर नियम वाचूनच करा, आणि ते बसत नसेल तर ज्याच्याकडं आहे त्याच्या घरी रविवारी चहाला जाऊन हवं ते बघून यायचं, आपल्याकडं असल्या गोष्टीला कोण नाही म्हणत नाही.

पायरी ९ : स्वतःची नोंदवही, ही कुठलंच सॉफ्टवेअर भरून देत नाही

ऑर्किडविझमध्ये कलेक्शनची सोय आहे, पण सुरुवातीला गूगल शीट किंवा एक्सेल पुरेसं आहे. प्रत्येक झाडाला नंबर द्या, तोच नंबर अॅल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्यानं कोरून कुंडीला तारेनं बांधा, मार्करचं लेबल आपल्या उन्हात आणि पावसात टिकत नाही. शीटमध्ये नंबर, लेबलवर जसं होतं तसं नाव अक्षर न बदलता, शेजारच्या रकान्यात आरएचएस किंवा क्यूप्रमाणं आजचं नाव, आई-बाप, कुणाकडून आणलं, कधी आणलं, पहिलं फूल कधी, फुलाचं माप, कुंडी बदलल्याची तारीख. मूळ लेबलचं नाव कधीच खोडू नका, पुढं जीनस परत बदललं तर तोच एक धागा हातात राहतो. मोबाईलवर मूळ लेबलचा फोटो काढून ठेवा, झाड आणि पट्टी दोन्ही एकाच फोटोत.

फूल आलं की मोजायची सवय लावा, तुम्हाला जज व्हायचं नसलं तरी. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तेच झाड मोठं फूल देतंय की लहान, हे बघितलं की खताचं आणि उन्हाचं गणित आपोआप सुधारतं. नंतर पैसे देऊन सॉफ्टवेअर घेतलंत तर ही शीट त्यात घेता येते का, आणि त्यातली माहिती परत बाहेर काढता येते का, हे मात्र जरूर तपासा. जे आत घेतं आणि बाहेर देत नाही ते घेऊ नका.

पायरी १० : ज्या गोष्टी सॉफ्टवेअरला जमत नाहीत

नवीन मंडळी गूगल लेन्सनं फोटो काढून नाव शोधतात. जीनसपर्यंत ते बऱ्याचदा बरोबर नेतं, जंगली जातीत फूल स्पष्ट असेल तर जातीपर्यंतही, पण हायब्रिडमध्ये त्याचा काही उपयोग नाही. एकसारखी दिसणारी शेकडो जांभळी डेंड्रोबियम आहेत, फोटोवरून ग्रेक्स सांगता येत नाही, मशीनला नाही आणि मोठ्यातल्या मोठ्या जजलाही नाही. लेबल हरवलं म्हणजे हरवलं. अशा झाडाला "नाव नाही" असं लिहून ठेवा आणि आनंदानं वाढवा, अंदाजानं नाव चिकटवू नका, त्याच्यावरून कुणी क्रॉस केला तर पुढची सगळी वंशावळ खोटी होते.

कागदपत्रांच्या बाबतीतही नाव महत्त्वाचं आहे. सगळे ऑर्किड जंगली प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटीस (CITES) करारात येतात, आणि पॅफिओपेडिलमसारखे काही त्यातल्या सगळ्यात कडक परिशिष्टात. बाहेरून रोप मागवताना परवानगी, झाड निरोगी असल्याचा दाखला आणि क्वारंटाइन हे सगळं लागतं, आणि कागदावरचं नाव आणि रोपावरचं नाव वेगळं निघालं तर माल अडकतो. मागवण्याआधी जुनं-नवं नाव क्यूच्या साइटवर बघून विक्रेत्याला तेच लिहायला सांगा.

घाटातून झाड काढून आणायचं नाही, हे वेगळं सांगायला लागू नये पण लागतं. अभयारण्यातून काढलं तर सरळ गुन्हा आहे, आणि निळा वांडा, रेड वांडा, लेडीज स्लिपर असल्या जातींना १९७२ च्या वन्यजीव कायद्यातच संरक्षण आहे. वादळात फांदी पडली आणि त्यावर सीतेची वेणी असली तरी आधी वनखात्याच्या माणसाला विचारा. जागेवर फोटो काढा, उंची आणि झाड कुठलं ते लिहा, घरी येऊन क्यूच्या साइटवर नाव जुळवा, आणि नाही जुळलं तर शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात दाखवा. फोटोत फूल समोरून, बाजूनं आणि मागून असं तिन्हीकडून पाहिजे, पान आणि खोडही पाहिजे, नुसत्या समोरच्या एका फोटोवर तिथलेही लोक काही सांगू शकत नाहीत.